स्टँडर्ड म्हणजे किती फूट

"दहावी अर्ध्यात सोडलेल्या पोरानं मला कोटेशन वाचायला शिकवायचं नाही. ऊठ इथनं."

आण्णा हे बोलले तेव्हा त्यांचं बोट टेबलावरच्या कागदावर होतं आणि डोळे माझ्यावर. मी उठलो नाही.

"तुम्ही नुसती खालची ओळ वाचताय," मी म्हणालो. "वरच्या ओळी कुणी वाचायच्या?"

"सोलरवाल्यांचं वरचं सगळं सारखंच असतं. तीन किलोवॅट म्हणजे तीन किलोवॅट. इकडं बघ. सांगलीवाल्याचे एक लाख पंच्याण्णव. इस्लामपूरवाल्याचे दोन लाख दहा. आणि आपल्या जावयाचे एक लाख चौदा. बालवाडीतलं पोर सांगेल कुठलं घ्यायचं."

"बालवाडीतलंच सांगेल."

आण्णांनी चष्मा काढला. ते माझे थोरले चुलते. पतसंस्थेत शाखाधिकारी, त्यामुळं आमच्या विट्याच्या घरात कुठलाही कागद आला की तो त्यांचाच. माझे वडील दुधाचा टँकर चालवतात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतात, आणि फोनवर काहीही विचारलं तरी एकच सांगतात, आण्णा म्हणतील तसं. मी तेव्हा सोळा वर्षांचा. गणिताच्या सरांनी फळ्यावर उत्तर चुकीचं लिहिलं, मी सांगितलं, त्यांनी डस्टर फेकून मारला, मी तोच परत मारला. शाळा तिथं संपली.

मी दाजींचा कागद ओढून घेतला. दाजी म्हणजे संग्राम जगदाळे, आण्णांच्या पूनमचा नवरा. कराडला त्यांनी सोलरची एजन्सी नवीनच सुरू केली होती.

"बाकीच्या दोघांनी पूर्ण किंमत लिहिलीय," मी म्हणालो. "सबसिडी नंतर आपल्या खात्यावर येणार, म्हणून त्यांनी ती धरलेलीच नाही. दाजींनी आधीच वजा करून खाली जाड अक्षरात आकडा टाकलाय. वरची ओळ वाचा. एक लाख ब्याण्णव. त्यातनं अठ्ठ्याहत्तर गेले की एक चौदा. आता सांगलीवाल्यातनं पण अठ्ठ्याहत्तर काढा की."

आण्णांचे ओठ हलले. आकडा त्यांच्या डोक्यात माझ्याआधी तयार झाला असणार. एक सतरा.

"तरी जावयाचंच कमी."

"तीन हजारांनी. आणि ही चांदणी बघा." आकड्याच्या शेजारी बारीक चांदणी होती आणि कागदाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात तिचा खुलासा. "नेट मीटर, अर्थिंग, वीज पडू नये म्हणून लावतात ते, सगळं वेगळं. इस्लामपूरवाल्यानं ते आत धरलंय. आणि स्ट्रक्चरपुढं दाजींनी नुसतं स्टँडर्ड लिहिलंय."

"स्ट्रक्चर म्हणजे?"

"पॅनल ज्याच्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा. सांगलीवाल्यानं तीन फूट लिहिलंय, इस्लामपूरवाल्यानं आठ. स्टँडर्ड म्हणजे किती फूट?"

"ते जावई बघतील."

"मग विचारा त्यांना. बारा वाजता येणारच आहेत."

आण्णांनी चष्मा परत घातला आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आला की ते जास्त चिडलेले असायचे.

"पोरगी देऊन आठ महिने झाले. पहिल्यांदा कामासाठी आपल्या दारात येतायत. आणि मी त्यांना विचारू, जावईबापू, तुमच्या चांदणीखाली काय लपवलंय?"

"हो."

"ऊठ."

मी उठलो, पण कागद घेऊन उठलो.

दाजी तोवर आमच्या घरी चार वेळा आले होते. चारही वेळा सोफा, पाण्याचा तांब्या, जेवण, टॉवेल-टोपी, आणि परत. त्यांना स्वयंपाकघराचं दारसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं. जावयाला घर दाखवायचं नसतं, जावयापुढं घर मांडायचं असतं. गच्ची मोजायला डिसेंबरात त्यांनी एक माणूस पाठवला होता. तो टेप लावून, चार फोटो काढून, चहा पिऊन गेला. गच्ची रिकामी होती. डिसेंबरात ती रिकामीच असते.

फेब्रुवारी लागला की ती आईची. पापड, कुरडया, सांडगे, भरलेल्या मिरच्या. हिराबाई आणि नूरजहाँमावशी सकाळी सातला येतात आणि तिघी मिळून पाऊस तोंडावर येईपर्यंत त्या गच्चीवरनं विट्यातल्या साठ-सत्तर घरांचं वर्षाचं वाळवण काढतात. आण्णा त्याला "शालनचं ते पापडाचं" म्हणतात. शालन म्हणजे माझी आई. माझी सायकल त्या पापडाच्याच पैशातली. पूनमच्या कॉलेजचं पहिलं वर्षपण त्यातलंच, पण ते कोणी काढत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई मटणाचं वाटण वाटत होती. काकी, म्हणजे आण्णांची बायको, दुधाला गेली होती.

"तुझा आवाज रस्त्यावर जातोय," आई म्हणाली.

"जाऊ दे. दोन-तीन फुटांवर पॅनल बसवले तर तू वाळवण कुठं घालणार?"

"यंदा नाही घालायचं."

"कोण म्हणालं?"

"मीच. हिराबाईला आणि नूरजहाँला सांगून पण झालं."

मी मिक्सर बंद केला. तिनं परत चालू केला. मी वायरच काढली.

"कधी सांगितलंस?"

"परवा." तिनं भांड्याच्या कडेचं वाटण बोटानं खाली लोटलं. "पूनमचा फोन आला होता. म्हणाली, काकी, यांचं नवीन काम हाय, माहेरचं काम मिळालं तर सासरी माझं तोंड वर राहील. गच्चीचं तेवढं कुणाला काही बोलू नको."

"म्हणजे तिला माहीत आहे."

"तिला का माहीत नसंल? ओल्या कुरडया चोरून खाऊन वाढलीय ती."

"नूरजहाँमावशी काय म्हणाली?"

"काही नाही. चहा न घेता गेली."

नूरजहाँमावशीचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर होता, घर तिच्या याच कामावर चालायचं. ती चहा न घेता कधीच जात नाही, उलट दुसरा मागते. मला एवढा राग आला की मी तिथंच फरशीवर पाय आपटला.

"आणि तू गप बसणार."

"पोरगी आपली हाय धीरज."

"आणि गच्ची?"

"वायर लाव."

मी वायर लावली आणि तिच्या शिवणाची टेप आणि रांगोळीचा डबा घेऊन वर गेलो.

दाजींच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर आकृती होती. ती कुणीच उघडली नव्हती, पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार रुंद. तीन पुढं, तीन मागं, दोन ओळींत साडेतीन फूट मोकळं, म्हणजे पुढच्याची सावली मागच्यावर पडत नाही. मी गुडघ्यावर बसून सगळं आखलं. टेप पाच फुटांची, त्यामुळं प्रत्येक रेघ दोनदा मोजायला लागायची. ऊन जानेवारीचं होतं तरी मान भाजली. एक चौकट वाकडी झाली ती पुसून परत काढली. शाळेत मी भूमितीची वही कधी पूर्ण केली नव्हती.

झाल्यावर कठड्यावर चढून बघितलं. मागं जिन्याची खोली आणि टाकी, मग सहा चौकटी, आणि पुढं कठड्याला लागून एक पट्टी. दोन साड्या पसरल्या की संपणारी.

आई मला आंघोळीला हाक मारायला वर आली आणि दारातच थांबली. मग ती आत आली, पण रांगोळीवर पाय द्यायचा नसतो, म्हणून कडेकडेनं, अंग चोरून, एका हातानं साडी वर धरून. तशीच आडवी चालत ती पट्टीच्या टोकाला गेली. तिथं वळायला तिला जागा पुरली नाही. तिनं कठडा धरला.

 पहिल्यांदा ती खाली बघत होती, मग वर. वर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

"उंची केवढी?" तिनं विचारलं.

"स्टँडर्ड."

"म्हंजे?"

"सकाळपासनं तेच विचारतोय."

"पुसून टाक. पावणे येतील." आणि ती आली तशीच अंग चोरत खाली गेली.

मी पुसलं नाही.

साडेबाराला गाडी आली. पूनम नवीन साडीत, हातभर बांगड्या. दाजी हसतमुख. वाईट माणूस नव्हे, हे मी तेव्हापण म्हटलं असतं. ते सोफ्यावर बसले. पंखा एक नंबरनं वाढवला गेला. जेवणं झाली. आण्णांनी दाजींच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं, आणि मी नळी फोडून मोठ्यानं ओढली तेव्हा काकीनं माझ्याकडं बघितलं.

मग चहा. टेबल पुसून झालं. दाजींनी फाईल काढली, आण्णांनी खिशातला पेन.

"कुठं सही करू, जावईबापू?"

"इथं. आणि मागं एक."

मी दाराला टेकून उभा होतो. "दाजी," मी म्हणालो, "स्टँडर्ड म्हणजे किती फूट?"

आण्णांचा पेन कागदावर टेकला होता, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

दाजी हसले. "अरे, इंटरेस्ट आहे की तुला. समोरनं दोन, मागनं साडेतीन."

"म्हणजे खालनं माणूस जाणार नाही."

"माणूस कशाला जाईल खालनं? धुवायला पाइपनं पाणी मारायचं, झालं."

"आठ फूट केलं तर?"

"लोखंड वाढतं."

"किती रुपयांचं?"

"धीरज," आण्णा म्हणाले.

"आणि सबसिडी वजा करून का लिहिलंय तुम्ही? बाकीच्यांनी पूर्ण लिहिलंय. शेजारी शेजारी ठेवल्यावर तुमचं स्वस्त दिसावं म्हणून ना?"

आण्णा उठले कधी ते मला दिसलं नाही. हात गालावर बसला. जोरात नव्हता, पण सगळ्यांसमोर होता.

"पाया पड त्यांच्या."

"नाही."

"पाया पड. नाहीतर या घरात जेवायचं नाही."

"माझं जेवण झालंय."

दाजी म्हणाले, "राहू दे आण्णा, लहान आहे." त्यांचं हसू मात्र गेलं होतं, आणि कान लाल झाले होते.

पूनम उठून माझ्याजवळ आली. "शाळा गेली तरी आगाऊपणा गेला नाही तुझा. तुला काय कळतंय? तिथं मला काय ऐकून घ्यावं लागतं माहिताय?"

"मला नाही माहीत. तुला माहिताय ना कुरडया कुठं घालतात ते? मग तू सांग त्यांना."

 ती बांगड्या मागं सरकवत राहिली.

"मी शेवटचं सांगतोय," आण्णा म्हणाले, "पाया—"

"जावईबापू."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, हात ओले. थोरल्या दिरासमोर ती बाहेरच्या खोलीत येत नसे. काही हवं असेल तर काकीकडून निरोप. माझ्या सोळा वर्षांत तिनं आण्णांना समोरून एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"आठ फूट होतंय का?" तिनं विचारलं.

आण्णा तिच्याकडं न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोलले. "शालन, तू आत जा."

"आत कुठं जाऊ भाऊजी? माझं काम वर हाय."

 काकी दाराआडनं पुढं झाली आणि परत मागं गेली. दाजींनी कप खाली ठेवला.

"वर? वर कसलं काम?"

ते खरंच विचारत होते. मला वाटलं होतं ते नाटक करतील, पण त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, या माणसाला माहीतच नाही. त्यांनी पूनमकडं बघितलं. पूनम फरशीकडं बघत होती. आठ महिन्यांत ना तिनं सांगितलं, ना आण्णांनी, ना आईनं. लग्नात त्यांच्या घरी आमच्याकडनं चार डबे पापड गेले होते. ते कुठं वाळले हे विचारायची त्यांना गरज पडली नव्हती आणि सांगायची आम्हाला लाज वाटली होती.

"चला, दाखवते," आई म्हणाली.

"चहावरनं उठवून जावयाला उन्हात—" आण्णांनी सुरुवात केली, पण दाजी उठले होते.

आम्ही सगळेच वर गेलो. पुढं आई, मागं दाजी, मग मी, मग पूनम, आणि शेवटी आण्णा, एकेक पायरी मोजत.

दाजी रांगोळीपाशी थांबले. वाकून एका चौकटीची कड बघितली.

"हे कुणी आखलं?"

"मी."

"दोन ओळींतलं अंतर बरोबर आहे."

"तुमच्याच कागदावरनं घेतलंय."

ते कडेनं फिरले. जिथं आई सकाळी अडकली होती तिथं तेपण अडकले. पट्टीत उभे राहून त्यांनी पुढं बघितलं, मागं बघितलं. आईनं त्यांना सांगितलं, कुठं लाटायला बसतो, कुठं चूल, कुठं मिरच्या. हिराबाई, नूरजहाँमावशी, साठ-सत्तर घरं. एका दमात नाही, एकेक करून, जणू त्या सगळ्या वस्तू तिथं मांडत होती.

दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकी, तुमचं खरं आहे. पण मी धंद्याचं बोलू का? आठ फुटांवर नेलं तरी खाली सावलीच पडणार. वाळवणाला ऊन लागतं. मग एवढं लोखंड वाढवून तुमचा फायदा काय?"

 सकाळपासनं मी आठ फूट आठ फूट करून आण्णांशी भांडलो, मार खाल्ला, आणि सावलीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मागं आण्णांनी नाकातनं आवाज काढला. मला वाटलं संपलं.

"पापडाला ऊन लागत नाही जावईबापू," आई म्हणाली.

दाजी थांबले.

"उडदाचा पापड उन्हात टाकला की कडा वळत्यात आणि तडकतो. तो सावलीत वाऱ्यावरच वाळवायचा. लाटायला आम्ही तिघी दुपारपर्यंत बसतो, डोक्यावर दरवर्षी जुन्या साड्या बांधतो. वारं सुटलं की साडी त्या मोरे वकिलांच्या आंब्यावर. गेल्या साली चार गेल्या. ऊन लागतंय ते कुरडयांना, सांडग्यांना, मिरच्यांना. ते मी पुढच्या कठड्याला घालीन, तिथं तुमची सावली येत नाही. तुमच्या या चौकटी फक्त दोन हात मागं सरकवा, टाकीकडं."

तिनं हातानं दाखवलं. आणि मग मला कळलं, सकाळी ती वर आभाळाकडं का बघत होती.

दाजींनी मोबाइल काढला. टाकीची उंची बघितली, सूर्य कुठून कुठं जातो ते त्यावर काहीतरी फिरवून बघितलं. "दोन हात नाही. दीड. त्यापेक्षा मागं नेलं तर जिन्याच्या खोलीची सावली संध्याकाळी मागच्या पॅनलवर येईल."

"दीड चालंल."

"लोखंडाचे चौदा हजार वाढतील, काकी."

"कागदावर लिवा. आणि ते मीटरचं आणि बाकीचं काय असंल ते पण लिवा. चांदणी टाकू नका."

पूनमच्या तोंडातनं हसू फुटलं. तिनं लगेच पदर तोंडाला लावला.

दाजींनी कोटेशन उलटं करून कठड्यावर ठेवलं आणि पेनानं सगळं लिहिलं. मीटर, अर्थिंग आणि बाकीचं मिळून अकरा. लोखंड चौदा. उंची पुढनं आठ फूट, अक्षरी. एकूण दोन लाख सतरा. सबसिडी खाली वेगळ्या ओळीत, वजा न करता.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी वाचून दाखवलं.

"इस्लामपूरवाल्याचं दोन दहा हाय," ती म्हणाली. "तेपण आठ फूट, आणि सगळं आत."

"शालन," आण्णा म्हणाले, पण आवाज सकाळचा नव्हता.

"काकी," पूनम म्हणाली, "जावयाशी घासाघीस करतेस होय गं?"

"जावयाशी कोण करतंय? जावई खाली सोफ्यावर बसलेत. मी सोलरवाल्याशी बोलतीय."

दाजी आता खरंच हसले. सतरावर काट मारून त्यांनी दहा लिहिलं आणि शेजारी सही केली. मग म्हणाले, "माझ्या माणसानं लिहून आणलं होतं, गच्ची मोकळी आहे. मी तेच धरलं."

"मोकळीच हाय ती, डिसेंबरात," आई म्हणाली.

सगळे खाली उतरले. जिन्यात दाजींनी मला मागं थांबवलं.

"परत मला चारचौघांत असं विचारू नकोस," ते म्हणाले. "एकट्यात विचार."

"एकट्यात विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

त्यांनी विचार केला. हे मात्र मानायला पाहिजे, की त्यांनी विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "म्हणालो असतो, आण्णांशी बोलतो." आणि ते खाली गेले.

आण्णांनी सही केली. माझ्याशी मात्र पुढं अकरा महिने बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर काकीला म्हणायचे, त्याला सांग मीठ दे. पूनमनं त्या भाऊबीजेला ओवाळलं, पण कुंकू लावताना अंगठा असा दाबला की दोन दिवस कपाळ दुखलं. आईनं त्याच दुपारी भांडी घासताना मला सांगितलं, "परत आण्णांना उलट बोललास तर बघ."

"तूपण बोललीस की."

"मी उलट नाही बोलले. काम सांगितलं."

नूरजहाँमावशीला सांगायला मीच सायकलवर गेलो. तिनं दारातच ऐकून घेतलं, माझ्या गालाकडं बघितलं आणि विचारलं, कुणी मारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, बस, चहा टाकते. मी बसलो.

याला आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात आण्णांकडं पतसंस्थेतले साहेब आले होते. आण्णा त्यांना वर घेऊन गेले आणि सांगत होते, "आठ फूट मुद्दाम करून घेतलं मी. लोक विचार करत नाहीत, नुसती खालची किंमत बघतात." मी टाकीमागं उभा होतो.  आई लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

साहेब गेल्यावर आण्णा मला म्हणाले, "तू अजून जावयाच्या पाया पडलेला नाहीस. तेवढं राहिलंय." दर सणाला म्हणतात. दाजी स्वतः म्हणतात सोडा आता, तरी म्हणतात. मी पडलो नाही आणि पडणारपण नाही. विचारलं त्यात माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते सावलीचं, आणि त्याबद्दल कुणाच्या पाया पडायचं तर ते आईच्या, आणि ती पडू देत नाही, म्हणते आधी पाट उचल.

आता हे लिहीत बसलोय तर ती वरनं तिसरी हाक मारतीय. गव्हाचा चीक उतरलाय, गार झाला की सोऱ्यातनं बाहेर येत नाही, आणि पातेलं तिला एकटीला उचलत नाही. मला जायला पाहिजे.